डाव्या हाताची दुरुस्ती

लिलावघराच्या चित्रविभागाच्या प्रमुखांना सगळे पाठीमागे ‘भिंग’ म्हणत. कोटाच्या वरच्या खिशात त्यांचं भिंग कायम असे, आणि ताटात वाढलेलंही ते आधी भिंगातून बघतात अशी ऑफिसात बोलवा होती. भिंगांचं एक ठाम मत होतं: चित्रकार मेलेला असावा. यात आकस नव्हता, सोय होती. मेलेला चित्रकार फोन करत नाही, फ्रेम बदला म्हणत नाही, कॅटलॉगात आपल्याआधी कुणाचं नाव छापलंय ते तपासत नाही, आणि नवीन काहीतरी रंगवून जुन्याचा भाव पाडत नाही.

अशा माणसाच्या मोठ्या लिलावात नेमका एक जिवंत चित्रकार शिरला.

आधी चित्र आलं. ते फुलाफुलांच्या चादरीत गुंडाळलेलं होतं. चादर एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या हातात होती, बाईंच्या गुडघ्याला पट्टा होता, आणि मागे त्यांची लेक होती. लेक दातांची डॉक्टर. पेशंट खुर्चीत तसाच आ वासून ठेवून आल्यासारखी ती घाईत होती.

“हे विकायचंय,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी चादर सोडली.

भिंग खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले.

चित्रात स्वयंपाकघरातलं टेबल होतं. खिडकीतून सकाळचा पिवळा उजेड आला होता आणि एक तरुण बाई मटार सोलत बसली होती. चेहरा असा की आत्ता काहीतरी खरमरीत ऐकवेल. उजवा हात ताटलीमागे गेलेला. डावा मात्र सगळ्यांच्या पुढ्यात, उघडा. आणि तो हात भयंकर होता. मोजली तर बोटं पाचच भरत, पण ती एकमेकांच्या ओळखीची वाटत नव्हती. अंगठा नक्की कुठून निघालाय याचा पत्ता लागत नव्हता. सगळा ऐवज गाजरांच्या जुडीसारखा दिसत होता.

भिंगांचे मात्र डोळे भरून आले. कारण चित्रकार फार मोठा होता आणि त्याच्या एकाही चित्रात कुणाचा हात दिसत नसे. माणसांचे हात खिशात, पाठीमागे, शालीत, टेबलाखाली, कणकेत. या लपलेल्या हातांवर एका प्राध्यापकांनी जाडजूड पुस्तक लिहून त्यावर बढती मिळवली होती. आणि इथे साक्षात हात!

“हे चित्र आहे हे कुणालाच कसं माहीत नाही?” भिंगांनी विचारलं.

“मला होतं की माहीत. माझ्या स्वयंपाकघरात टांगलेलं होतं. मीच आहे ती.”

बाई चित्रकाराची घटस्फोटित बायको होत्या. ऑफिसात त्यांना त्या दिवसापासून ‘चित्रातल्या बाई’ हेच नाव पडलं.

“मग विकताय का?” भिंगांच्या तोंडून निघून गेलं. धंद्याच्या दृष्टीने असं विचारायचं नसतं.

“तळमजल्यावर छोटं घर घेतेय. जिने झेपत नाहीत आता. आणि खरं सांगू का, मला हिचा वीट आलाय. माझं लग्न मोडलं, लेक डॉक्टर झाली, तिचं लग्न झालं, नातवंडं शाळेत गेली, मी नोकरीतून निवृत्त झाले, आणि ही बया अजून मटारच सोलतेय. ताटली काही भरत नाही!”

चित्र कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर गेलं. आतला मजकूर भिंगांनी स्वतः लिहिला. ‘डाव्या हाताच्या पीळदार बोटांमध्ये एका अख्ख्या काळाची घालमेल गोठून राहिली आहे,’ असं त्यात वाक्य होतं. लेकीने ते आईला मोठ्याने वाचून दाखवलं.

“घालमेल कसली,” चित्रातल्या बाई म्हणाल्या, “दूध उतू जात होतं.”

आता एकच गोष्ट राहिली होती. चित्रकार हयात असेल तर ‘हे चित्र माझंच’ असं त्याच्याकडून लिहून घ्यायचं, असा लिलावघराचा नियम होता. भिंगांनी हे काम शक्य तितकं पुढे ढकललं. कॅटलॉग छापून गावभर गेल्यावर त्यांनी मन घट्ट करून फोन लावला. “येतो,” एवढंच बोलून पलीकडून फोन आपटला गेला.

चित्रकार आले. हातात काठी, गळ्यात मफलर आणि अंगात ढीगभर खिशांचा लांब कोट. भिंगांनी सहीसाठी कागद पुढे केला, पेनाचं टोपण स्वतः काढून दिलं. चित्रकारांनी कागदाकडे बघितलं नाही. ते चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांचा चेहरा कारल्याचा रस प्यायल्यासारखा झाला.

“हे माझं नाही.”

“सर, खाली तुमची सही आहे.”

“सही माझी आहे. चित्र माझं नाही.”

“म्हणजे कुणाच्या तरी चित्रावर तुम्ही सही केलीत?”

“तरुणपणी माणूस काहीही करतो.”

भिंगांना घाम फुटला. मुखपृष्ठावरचं चित्र खोटं निघालं तर त्यांना नोकरीची नाही, पण अब्रूची काळजी करावी लागणार होती. त्यांनी चित्रातल्या बाईंना फोन केला. त्या लेकीच्या गाडीतून तडक आल्या.

इथे एक सांगायला हवं. लग्न टिकलं तोवर बाई नवऱ्याला अरेतुरे करत. वेगळ्या झाल्यापासून त्या त्याला अहोजाहो करू लागल्या, आणि त्या अहोत इतका गारवा असे की समोरच्याने स्वेटर घालावा.

“नमस्कार. कसे आहात आपण?” बाई म्हणाल्या.

“बरा आहे,” चित्रकार चित्राकडेच बघत म्हणाले.

“हे चित्र आपलं नाही म्हणे.”

“नाही.”

“मग मी कोणापुढे बसले होते इतके दिवस? दूधवाल्यापुढे?”

“तो हात बघ! तो हात मी काढीन का?”

“तूच काढलास!” बाईंचा गारवा एका झटक्यात वितळला. “दूध उतू जात होतं म्हणून मी उठले, तर तू रुसून बसलास. ब्रश फेकलास तो फ्रीजमागे गेला. तीन दिवस तोंड फुगवून बसला होतास आणि मग तो हात तसाच सोडून दिलास!”

“तू हलत होतीस!”

“माणूस हलणारच! मी काय फ्लॉवरपॉट आहे?”

लेक दाराशी उभी होती. तिने भिंगांना खुणेने बाहेर बोलावलं आणि म्हणाली, “पाणी मागवून ठेवा. हे असं बराच वेळ चालतं. माझं बालपण यात गेलंय.”

पाणी आलं, दोघं प्यायले, पण चित्रकार काही बधले नाहीत. शेवटी त्यांनी एक सवलत दिली: उद्या लोकांना बघायला चित्रं मांडतील तेव्हा आपण येऊ, चित्रासमोर शांतपणे बसू, आणि मग काय ते सांगू. भिंगांना हायसं वाटलं. त्यांनी चित्रासमोर एक चांगली गादीची खुर्ची ठेवायला सांगितली. हे त्यांनी करायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी दालनात बरीच गर्दी होती. मखमली दोरीपलीकडून लोक वाकून वाकून बघत होते आणि न कळलेल्या चित्रासमोर जास्त वेळ थांबत होते. चित्रकार खुर्चीत बसले होते. सकाळ गेली, ते हलले नाहीत. पहारेकऱ्याला त्यांचं कौतुक वाटलं. इतका वेळ एकाच चित्राकडे बघणारा माणूस त्याने या नोकरीत पाहिला नव्हता. तेवढ्यात पलीकडे एक बाई लिलावातल्या जुन्या कोचावर पाय वर घेऊन बसल्या, म्हणून त्यांना उठवायला तो गेला.

परत आला तेव्हा खुर्ची दोरीच्या आत होती. चित्रकारांच्या एका खिशातून रंगाची ट्यूब निघाली होती, दुसऱ्यातून रंग उतरवायच्या द्रावणात भिजलेली चिंधी, तिसऱ्यातून ब्रश, आणि ते नाक चित्राला टेकेल इतके वाकून काम करत होते. मागे पाचसहा माणसं आदराने बघत उभी होती. त्यांना वाटलं, हे कार्यक्रमातच आहे.

“आजोबा! काय करताय?”

“दिसत नाही? हात.”

पहारेकऱ्याने झडप घातली. त्याने चित्रकारांचं मनगट बरोबर पकडलं, पण त्या गडबडीत त्याची स्वतःची बाही त्या ओल्या हातावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. नवा हात गेला, जुनाही गेला. चित्रातल्या बाईंच्या मनगटापुढे एक हिरवट तपकिरी ढग तेवढा उरला. मागच्या लोकांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या.

भिंग धावत आले आणि चित्रासमोर येऊन एकदम बसले. सुदैवाने खुर्ची तिथेच होती.

मग लिलावघराच्या संचालिका आल्या. त्या हळू बोलण्याबद्दल प्रसिद्ध होत्या. संकट जितकं मोठं तितका त्यांचा आवाज लहान होई. त्या दिवशी नुसते ओठ हलत होते. भिंगांनी कान जवळ नेऊन ऐकलं आणि सगळ्यांना सांगितलं, “पोलिसांना बोलवायचं का, असं विचारतायत.”

चित्रातल्या बाई आणि लेक पोचल्या होत्या. बाई ढगाकडे बघत राहिल्या. लेकीच्या हातात अजून रबरी हातमोजे होते. ते काढत ती बापासमोर गेली आणि पेशंटला समजावतात त्या आवाजात म्हणाली, “बाबा, चित्र तुमचं नाही ना?”

“नाही.”

“मग तुम्ही दुसऱ्याच्या चित्राची नासाडी केलीत. तुम्हाला पोलीस नेतील. तिथे गादीची खुर्ची नसते.”

चित्रकारांनी गादीच्या खुर्चीकडे एकदा बघितलं.

“आणि चित्र तुमचं असेल, तर तुम्ही फक्त आगाऊपणा केलात. त्याला कायद्यात शिक्षा नाही. असती तर तुम्ही कधीच आत असता. आता एक काय ते ठरवा, माझा पेशंट भूल उतरायची वाट बघतोय.”

पहारेकऱ्याने पकड जरा सैल केली.

“माझंच आहे,” चित्रकार पुटपुटले.

“मोठ्याने.”

“माझंच आहे म्हटलं ना! सगळंच्या सगळं माझं आहे!”

भिंगांनी तिथल्या तिथे कागद पुढे केला आणि सही घेतली. कागद खिशात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं की चित्र खरं ठरलंय, पण ज्या हातासाठी जग येणार होतं तो हातच आता नाही. संचालिकांचे ओठ पुन्हा हलले. “लिलाव उद्याच आहे,” भिंगांनी सांगितलं, “तेव्हा चित्रकारांनी तो हात परत काढून द्यावा.”

“बघितल्याशिवाय कसा काढू?” चित्रकार म्हणाले.

सगळ्यांनी चित्रातल्या बाईंकडे बघितलं.

“मी नाही,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी ढगाकडे पुन्हा बघितलं, आणि गुडघ्यावरचा पट्टा घट्ट करत म्हणाल्या, “मटार तरी आणा कुणीतरी.”

माल बांधायच्या खोलीत सोय झाली. चहूकडे खोकी, पेंढा आणि दोरांची भेंडोळी, मध्ये एक टेबल. मटार आले. बाई सोलायला बसल्या. लेक पेशंटला मोकळं करून परत आली आणि एका खोक्यावर बसली. भिंग दाराजवळ भिंग धरून उभे होते. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

“हलू नकोस,” चित्रकार म्हणाले.

“नाही हलत. गॅस कुठे चालू आहे इथे?”

खोलीत ब्रशाची खसखस तेवढी ऐकू येत होती. बाईंचा हात आता तेव्हासारखा राहिला नव्हता. सांधे सुजले होते, शिरा वर आल्या होत्या. चित्रकार एकदा हाताकडे बघत, एकदा चित्राकडे, रंग लावत, पुसत, पुन्हा लावत. मध्येच बाई म्हणाल्या, “मला इतकी वर्षं वाटायचं, माझ्यावरचा राग तू त्या हातावर काढलास. येताजाता तो हात बघायचे आणि मला तुझा राग यायचा.”

“राग नव्हता तो.”

“मग?”

चित्रकारांनी ब्रश खाली ठेवला. “मला हात येत नाहीत.”

“काय?”

“हात काढता येत नाहीत मला. कधीच आले नाहीत. चेहरा येतो, कपडा येतो, उजेड तर काय, हसत येतो. हात म्हटला की झालं. दूध उतू गेलं तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! भांडायला कारण मिळालं.”

दाराशी काहीतरी पडल्याचा आवाज झाला. भिंगांच्या हातातलं भिंग पेंढ्यात गेलं होतं. “सर,” ते म्हणाले, “म्हणजे ते खिशातले हात? शालीतले? प्राध्यापकांचं पुस्तक?”

“वाचलं मी ते. चांगलं लिहिलंय. मला तर बराच धीर आला वाचून.”

बाई हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून. मटार टेबलावरून घरंगळून खोलीभर झाले. लेक खोक्यावरून उतरून ते गोळा करायला वाकली आणि तिथेच बसून हसायला लागली. एवढा मोठा बाप, ज्याचा लहानपणी घरभर धाक, त्याला हात येत नव्हते! चित्रकारांनी आधी रागाने सगळ्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याही मफलरच्या आत काहीतरी हललं.

“सांगितलं असतंस तर,” बाई डोळे पुसत म्हणाल्या, “मी हात टेबलाखाली घेतला असता की.”

दुपार कलल्यावर नवा हात झाला. चित्रकार बाजूला सरले. बाई काठीचा आधार घेऊन उठल्या, काठी चित्रकारांची होती, आणि चित्रासमोर जाऊन उभ्या राहिल्या. जुना हात गाजरांसारखा होता. नवा आल्याच्या गड्ड्यासारखा होता.

“कसा आहे?” चित्रकारांनी विचारलं.

“आधीचा बरा होता,” बाई म्हणाल्या.

लिलावाच्या दिवशी चित्राशेजारी पाटी होती: ‘रंग ओला आहे. हात लावू नये.’ या पाटीने जेवढी माणसं गोळा झाली तेवढी भिंगांच्या लेखाने झाली नव्हती. आदल्या दिवशीचा प्रकार शहरभर झाला होता आणि प्रत्येकाला तो ओला हात जवळून बघायचा होता. भिंगांनी रात्रभरात मजकूर बदलून चित्राखाली लावला होता. घालमेल आता ‘गोठून’ राहिलेली नव्हती, ‘अजून वाहत’ होती.

बोली सुरू झाली. लिलाव पुकारणारे गृहस्थ नाटकात राजा शोभतील अशा आवाजाचे होते. फोनवर एक गिऱ्हाईक होतं आणि तिसऱ्या रांगेत राखाडी कोटातला एक माणूस. दोघे इरेला पेटले. मागच्या रांगेत चित्रकार, बाई आणि लेक बसले होते. आकडा वाढला की चित्रकार म्हणत, “वेडा आहे का हा?” पुढचा वाढला की, “अहो, त्या हाताला एवढे? डोळे तपासा याचे!”

पुढची दोनचार डोकी वळली.

“गप्प बस रे,” बाई कुजबुजल्या. “आयुष्यात पहिल्यांदा तुझ्या कलेमुळे माझ्या घरात काहीतरी येतंय. त्याला दृष्ट लावू नकोस.”

फोनवरचं गिऱ्हाईक अखेर थकलं. हातोडा पडला आणि चित्र राखाडी कोटाकडे गेलं. टाळ्या थांबल्यावर तो माणूस चित्रकारांना शोधत मागे आला. चित्रकार उठून उभे राहिले, मफलर नीट केला आणि कौतुक ऐकून घ्यायला मान थोडी तिरकी केली.

“मी सर्जन आहे,” तो म्हणाला. “हातांचा. मोडलेले हात जोडतो. तुमच्या चित्रातला हात मी मघाशी नीट बघितला. मनगट निखळलंय, दोन बोटं मोडून वेडीवाकडी जुळलीत, अंगठ्याचं तर विचारूच नका. तरी त्या बाई शांतपणे मटार सोलतायत! माझ्या वेटिंग रूममध्ये लावणार आहे. पेशंटना किती धीर येईल!”

चित्रकारांचं तोंड उघडं राहिलं ते मिटेना. लेकीने सवयीने आत एक नजर टाकली आणि म्हणाली, “बाबा, खालची दाढ दाखवायला या एकदा.”

बाईंनी सर्जनला जागच्या जागी आपला गुडघा दाखवला. तो म्हणाला, आपण गुडघे बघत नाही.

सगळं आटपून बाहेर आले तेव्हा चांगलंच ऊन होतं. चित्रकार टॅक्सीला हात करू लागले, पण टॅक्सीवाले थांबेनात. लेकीने गाडी आणली, मागचं दार उघडलं आणि म्हणाली, “बसा दोघंही.”

दोघं मागे बसले. मध्ये बाईंची पिशवी. लेकीने आरसा सारखा केला तर त्यात दोन्ही डोकी एकदम दिसली. असं तिने शेवटचं कधी पाहिलं होतं ते तिला आठवेना. तेव्हा ती मागे बसायची आणि ते पुढे.

“काच खाली कर,” चित्रकार म्हणाले.

“नको, धूळ येते.”

“मला गुदमरतंय.”

“मफलर काढ मग! एवढ्या उन्हात मफलर कोण घालतं?”

“घसा आहे माझा. सांभाळावा लागतो.”

“तुझा घसा मला चांगला माहीत आहे.”

लेकीने दोन्ही काचा अर्ध्या उघडल्या. त्यावरून दोघं तिच्यावर एकदम ओरडले. दवाखान्याकडे जायचा रस्ता चौकातून डावीकडे होता. तिने सिग्नलला मोबाइल काढला, दुपारच्या पेशंटला उद्या यायला सांगितलं, आणि गाडी सरळ नेली.

“इकडून कुठे?” बाईंनी विचारलं.

“लांबचा रस्ता आहे तो,” चित्रकार म्हणाले.

“हो का? मला माहीत नव्हतं,” लेक म्हणाली आणि गिअर बदलला.